माझे न झालेले सासरे

मला पाहायला आले तेव्हा तात्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. शिऱ्याची बशी तशीच बाजूला सारून ते माझ्या वडिलांना म्हणाले, "बापू, तुम्हना वावरनी मूठभर माती आना बरं." बापू गोंधळले, पण मुलाकडचा माणूस मागतोय म्हटल्यावर करतात काय! शेतातून ढेकूळ आलं. तात्यांनी ते बोटांनी फोडलं, हुंगलं आणि, देवाशपथ सांगते, जिभेला लावलं. मी आईचं हिरवं लुगडं नेसून, मान खाली घालून तासभर पाटावर बसलेली, आणि हा गृहस्थ आमचं शेत चाखतोय! मग म्हणाले, "माती झकास. पोर बी चांगलीच व्हई." आणि शिरा खायला लागले. माझ्या धाकट्या बहिणीला असं हसू फुटलं की आईने तिला ओढत आत नेलं.

हे साठ सालाच्या आगेमागे. तेव्हा आमचा जिल्हा धुळे; नंदुरबार जिल्हा पुष्कळ पुढे झाला. आम्ही धानोऱ्याचे, तात्या शहाद्याकडचे, तापीकाठचे. कापूस पिकवायचे, केळी नुकती लावायला लागले होते आणि त्यासाठी नदीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं. पण पंचक्रोशीत नाव होतं ते त्यांच्या बियाण्याचं. कुणाचा कापूस रोगट झाला, कुणाच्या मिरचीला तिखटपणा आला नाही, की माणूस तात्यांच्या ओट्यावर हजर. तात्या पहिला प्रश्न ठरलेला विचारायचे, "कोन चुकनं? बी का माती?" त्यावर अंदाज सांगितलेला त्यांना चालत नसे. एकच बी दोन वाफ्यांत लावायचं, एकाच वाफ्यात दोन बियाणी लावायची, आणि हंगामभर गप्प बसून बघायचं, ही त्यांची रीत. आणि ही रीत ते कशालाही लावायचे. चहा बिघडला तर पत्ती चुकली का पाणी? जावई चिडका निघाला तर घराणं चुकलं का गाव? त्यांच्या बायकोला, जिजींना, या प्रश्नाचा इतका वीट आला होता की भाकरी करपली तर त्या आधीच ओरडायच्या, "पीठ बी बरं शे, तवा बी बरा शे, मन्हंच ध्यान नव्हतं, आते खा!"

तर माती पसंत पडली आणि तात्यांच्या थोरल्याशी, वसंताशी, माझा साखरपुडा झाला. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर धरलं. वसंता उंच, देखणा, गालाला खळी. साखरपुड्यात माझ्याकडे बघून इतकं गोड आणि घाबरं हसला की मी महिनाभर हवेत होते. सातवी फायनल पास झालेली मुलगी, डोक्यात दुसरं काय असणार? मैत्रिणींना त्या खळीचं वर्णन सांगून सांगून मी बेजार केलं होतं.

आणि एके दिवशी भर दुपारी तात्या एकटेच एसटीने आले. आई स्वयंपाकघरात, मी ओट्यावर मिरच्या निवडत होते. ते समोर बसले आणि काही आडपडदा न ठेवता बोलले. "बेटा कमल, वसंता काल माले सांगे, तात्या, मन्हं मन बाईमा नही. मन्हं मन एकनाथमा शे."

एकनाथ म्हणजे शहाद्याचा इंजिन मिस्त्री. तात्यांचं इंजिन दर आठवड्याला बिघडायचं. नेमकं शहाद्याच्या बाजाराच्या दिवशी बिघडायचं. वसंता बाजारात जायचा, मिस्त्रीला घेऊन यायचा आणि दिवसभर ठोकाठोकी चालायची. अख्ख्या गावाला वाटायचं इंजिन वाईट लागलं. तात्यांनी त्यातही डिझेल चुकलं का यंत्र, म्हणून दोन वेगळ्या ठिकाणचं डिझेल आणून पाहिलं होतं.

मला आधी काही समजेच ना. आमच्याकडे या गोष्टीला शिव्या होत्या, नाव नव्हतं. मग समजलं आणि मी रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले. रागही आला, त्या खळीचा तर फारच. तात्या उठून गेले नाहीत. माझं रडू संपेपर्यंत माझ्या मिरच्यांची देठं काढत बसले. मग म्हणाले, "पोऱ्या मन्हा, घर मन्हं, पन जनम तुन्हा जाई. म्हनीसन पहिले तुले सांगं. माले एक हंगाम दे. हाई कोठून उनं, ते माले दखनं पडी. सुधरनारं व्हई ते लगीन. नही ते मी सोता येईसन मोडसू."

बापूंना त्यांनी एवढंच सांगितलं की घरात एक चाचणी चालू आहे, लग्न एक हंगाम पुढे ढकलू. बापूंना वाटलं कापसाचं नवं वाण असणार. मोठ्या आदराने "जरूर, जरूर" म्हणाले, आणि बी आम्हालाही द्या, अशी वर गळ घातली! आतून सगळं ऐकलेली आई दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होती.

तिकडे गावात एव्हाना कुणकुण लागलीच होती आणि जो तो वैद्य झाला होता. जिजी म्हणत, नजर लागली. भाऊबंद म्हणत, मूळ आजोळाकडचं असणार. शाळेतले गुरुजी शुद्ध भाषेत म्हणाले, "संगत, तात्या, संगत! त्याला शहाद्याची हवा लागली." तात्यांनी विचारलं, "गुरुजी, तुम्ही ते शहादाले बारा वरीस ऱ्हायनात. तुम्हले काब्र काही व्हयनं नही?" गुरुजींनी छत्री उचलली आणि घरी गेले.

तात्यांनी मग त्यांच्या पद्धतीने वाफे आखले. वसंताला पाठवलं सातपुड्यात, मोलगीला. तिथे जिजींचा भाऊ, दगडूमामा, आठवडे बाजारात किराण्याचं दुकान चालवायचा. जीपने अर्धी वाट, उरलेली पायी. म्हणजे बी तेच, माती दुसरी. आणि धाकटा भास्कर, वसंतापेक्षा दोन वर्षांनी लहान, त्याला वसंताच्या खोलीत टाकला. तीच खाट, तीच उशी, वसंताचे सदरे, वसंताच्या वेळेला वसंताचं जेवण आणि इंजिनावर ड्युटी. एकनाथलाही निरोप गेला की बाजाराच्या दिवशी नेमाने येत जा. माती तीच, बी दुसरं. भास्कर बिचारा "मन्हं काय चुकनं?" म्हणत गावभर फिरला. जिजींनी एकच शंका काढली, "दोन्ही पोऱ्या एकच पोतामधला शेत ना? मंग बी दुसरं कसं?" यावर तात्या एक अख्खा दिवस बियाण्याची पोती उलटीपालटी करत बसले. पण चाचणी थांबवली नाही.

दर पंधरा दिवसांनी तात्या धानोऱ्याला येऊन मला हकीकत सांगत. तुझा हक्क आहे, म्हणत. पहिल्यांदा मी फुरंगटून बसले. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा तर मीच वेशीपर्यंत जाऊन एसटीची वाट बघत उभी! त्यांच्या खिशात दगडूमामाची पत्रं असत. मामा दुकानदार माणूस, हिशेबी आणि कोरडं लिहायचा.

पहिलं पत्र: "चिरंजीव सुखरूप पोचले. जेवत नाहीत. बाजारात इतक्या बाया-पोरी येतात, मान वर करत नाहीत. घासलेटच्या डब्याजवळ बसून वास घेत राहतात. गिऱ्हाईक घाबरते."

दुसरं पत्र: "दुकानाचा तराजू अचानक बिघडला. शहाद्याहून मिस्त्री चालत आला. चिरंजीव आता जेवतात. तराजू नीट झाला व पुन्हा बिघडला."

तिसरं: "मिस्त्री आठ दिवस झाले इथेच आहे. तराजू, कुलूप, कंदील, माझी छत्री, शेजाऱ्याचे शिवणयंत्र, सर्व दुरुस्त झाले. चिरंजीव गाणी म्हणतात. आता दुरुस्तीला मी काय देऊ? कळवावे."

हे पत्र वाचताना तात्या इतके हसले की ओट्याच्या खांबाला धरून उभे राहिले. मीही हसले. मला वाटलं होतं माझं काळीज फाटेल, आणि मी हसून हसून डोळे पुसत होते. आत आईच्या हातून लाटणं पडल्याचा आवाज आला, म्हणजे तीही ऐकत होती. मग तात्यांनी पत्राची घडी घातली. म्हणाले, "बेटा, तो पोऱ्या घरमा कधी गाना नही म्हनाना. मी बाप शे, माले माहीतच नव्हतं का त्याले गाता येस."

भास्करचं काय झालं म्हणता? वसंताची खाट आणि वसंताचे सदरे वापरून महिना होत नाही तोच त्याने पंपघराच्या भिंतीवर कोळशाने "सुमन" असं नाव लिहिलं. एकदा नव्हे, भिंत संपेपर्यंत. सुमन शेजारच्या मळ्यातली. तिचा बाप काठी घेऊन आला. तात्यांनी त्याला गूळ-पाणी दिलं, भिंत दाखवली आणि खुशीत म्हणाले, "माती निर्दोष शे!" त्या माणसाला काही कळलं नाही, पण सुमनचं भास्करशी लग्न मात्र दिवाळीतच ठरून गेलं.

एवढं होईपर्यंत भाऊबंदांचा धीर सुटला. कापसाची वेचणी उरकली आणि एका सकाळी सगळे वडीलधारे तात्यांच्या ओट्यावर जमले. मी तिथे नव्हते, पण ही बैठक मी तात्यांकडून ऐकली, जिजींकडून ऐकली आणि सुमनकडून तर नकलांसकट ऐकली. अर्धे म्हणत होते जन्माचंच आहे, अर्धे म्हणत होते संगतीचं. आवाज चढले. एकाने दुसऱ्याच्या आजोळाचं काढलं. शेवटी तात्या म्हणाले, "थांबा. माले एकच सांगा. तुम्हले बाई आवडस, हाई तुम्हले कोनी शिकाडं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आयुष्यात कुणी असलं विचारलंच नव्हतं. सगळ्यात म्हातारे हिरामणबाबा, ऐंशीच्या घरातले, त्यांना वाटलं आपल्यालाच उत्तर द्यायला हवं. दाढी खाजवत म्हणाले, "माले कोन शिकाडी? मिशी फुटनी नि एक दिन तुन्ही काकी विहीरवर दिसनी. घागर भरी ऱ्हायनी व्हती. बस! मी बैल तठेच सोडी दिधात..." आतून त्यांच्या ऐंशीच्याच बायकोचा आवाज आला, "गप बठा हो! नातवंडं ऐकी ऱ्हायनात!" आणि सगळा ओटा खो खो हसला. मग जो तो सांगायला लागला. कुणाला यात्रेत, कुणाला झोक्यावर, कुणाला थेट अंतरपाट खाली झाल्यावर. शिकवणारा मात्र कुणालाच आठवेना.

पण हसू ओसरल्यावर सगळ्यांचा सल्ला एकच निघाला, जन्माचं म्हणणाऱ्यांचा आणि संगतीचं म्हणणाऱ्यांचाही. लगीन करी टाक, सुधरी जाई. तात्यांनी पायाने वहाणा पुढे ओढल्या, असं जिजी सांगत. मग म्हणाले, "बी चुकनं तरी लगीन, माती चुकनी तरी लगीन. मंग मी हंगामभर दखं कशाले? आनि हाऊ इलाज कोनावर करी ऱ्हायनात तुम्ही? ती धानोरानी पोर काय खत शे, का टाकं नि पीक सुधरनं?" आणि ते उठून सरळ एसटी स्टँडवर गेले. कुणी अडवलं नाही.

हल्ली माझा नातू मोबाइलवर काहीबाही वाचून दाखवतो. म्हणतो, आजी, हे जन्मजात असतं की परिस्थितीने होतं यावर मोठमोठे शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. घालू देत. आमचे तात्याही वाद घालणारेच होते आणि त्यांनाही शेवटपर्यंत ठाम उत्तर मिळालं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नही समजनं बेटा. पन पीक बरं शे ना? हिरवं शे, डोलस. मंग उपटाले कशाले जाऊ?"

तर त्या दिवशी संध्याकाळच्या आत ते आमच्या घरी होते. बापूंसमोर, होऊ घातलेल्या व्याह्यांसमोर, हात जोडले. "याही, लगीन मोडस मी. पोरमा काही कमी नही. जोडीच चुकनी." बापू भडकले. साखरपुडा झालेली मुलगी, उद्या कोण पत्करेल, गावात तोंड कसं दाखवू, सगळं म्हणाले, आणि त्यांचं काही खोटं नव्हतं. तात्यांनी ऐकून घेतलं. मग बापूंच्या बरोबर चावडीवर जाऊन चार माणसांत सांगितलं की मुलीला नाव ठेवलेलं मी ऐकून घेणार नाही, ही पोर मन्हा घरले मोठी पडस, म्हणून मी माघार घेतोय. परत आले आणि माझ्याकडे वळले. "बेटा, आते तुले काय पाहिजे, ते सांग."

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नव्हतं. लुगडं विचारलं असेल, भाजी विचारली असेल. हे नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माले मास्तरीन व्हनं शे." बापू "आं?" म्हणाले. तात्या म्हणाले, "बापू, माती मी चाखेल शे. जाऊ द्या तिले." ट्रेनिंग कॉलेजला जाताना बापू मला पोचवायला आले ते मान खाली घालून, पण आले. पुढे मी नोकरीला लागले, तिथल्याच एका मास्तरांशी लग्न केलं आणि त्यांना पहिल्याच आठवड्यात ही सगळी गोष्ट सांगितली. ते दोन दिवस हसत होते. वसंताच्या खळीबद्दल मात्र अजून अधूनमधून टोमणा मारतात.

वसंता आणि एकनाथने शहाद्यात स्टँडजवळ इंजिन दुरुस्तीचं दुकान काढलं. मागच्या दोन खोल्यांत राहायचे. एकनाथची विधवा आई, सीतामावशी, त्यांच्याबरोबर. तात्या दर बाजाराला त्या दुकानात जाऊन बसत, मावशीच्या हातचं भरीत खात आणि भरीत उत्तम झालं तर वांगं का चूल, असा वाद घालत. जिजी मात्र कधी गेल्या नाहीत. वसंता घरी आला तर जेवायला वाढायच्या, पण त्या दुकानाचं आणि त्या माणसांचं नाव काढू द्यायच्या नाहीत. तात्यांनी पुष्कळ सांगून पाहिलं. जिजी उठून गोठ्यात जायच्या.

सात-आठ वर्षांनी तात्या गेले. केळीला पाणी धरताना बांधावर बसले ते बसलेच. मी आणि आमचे हे त्यांच्या दिवसांना, गंधमुक्तीच्या विधीला गेलो. आमच्याकडे त्या दिवशी मुलांना सासरवाडीकडून टोपी आणि उपरणं येतं. व्याही, आमच्या बोलीत याही, पुढे होऊन जावयाच्या मुंडन केलेल्या डोक्यावर टोपी ठेवतो, तेव्हा त्याचं सुतक फिटतं. अंगणात घोंगडीवर दोघे भाऊ उघड्या डोक्याने बसलेले. सुमनच्या वडिलांनी, त्याच काठीवाल्यांनी, भास्करच्या डोक्यावर टोपी ठेवली. मग विधी सांगणाऱ्याने सवयीने हाक दिली, "मोठानी सासरवाडी?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वसंताने मान खाली घातली. एकनाथ पार फाटकाजवळ उभा होता, त्याचा चेहरा मला बघवेना. माझे पाय उचलले गेले, पण मी कोण म्हणून जाणार होते? एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सीतामावशी उठल्या. पिशवीतून पांढरी टोपी काढली, उपरणं काढलं, दोन्ही झटकून सरळ केलं. भर अंगणात पुरुषांच्या मधून चालत गेल्या आणि वसंताच्या डोक्यावर टोपी ठेवून ती दोन्ही हातांनी दाबून बसवली.

हिरामणबाबांचा मुलगा दरडावून म्हणाला, "मावशी, तू कोन लागस?"

"याहीन," मावशी म्हणाल्या. "गया बाजारले भरीत खाता खाता तात्या माले याहीन म्हनी गयथा. टोपीनं बी तोच सांगी गयथा."

सगळं अंगण जिजींकडे बघायला लागलं. जिजी भिंतीशी चटईवर बसल्या होत्या. मग हातांवर जोर देऊन जराशा सरकल्या, चटईवर जागा केली आणि म्हणाल्या, "ऊन शे तठे. आठे बठा, याहीन."